मजुरी कुणाच्या खात्यात?

‘इकडची संस्कृतीच तशी’ हे वाक्य चंबळच्या पट्ट्याबद्दल बोलताना फार लवकर तोंडात येतं. बायका मजुरीला का जात नाहीत? संस्कृती. मुली कमी का? संस्कृती. आकडे काही खोटे नाहीत. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुरैना जिल्ह्यात ८२९ मुली होत्या, आपल्या ग्वाल्हेर जिल्ह्यात ८४०, आणि मध्य प्रदेशाची सरासरी होती ९१८. पण संस्कृती हे उत्तर एकदा देऊन टाकलं की पुढची चौकशीच बंद पडते. रूढी नेमकी कुणाची, ती राखतं कोण, मोडली तर नुकसान कुणाचं होतं, हे कुणी विचारत नाही. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत तर हा विषय ‘त्यांचा’, म्हणजे घूंघटवाल्यांचा, म्हणून बाजूला सारायची सवयच आहे.

येल विद्यापीठातल्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापक रोहिणी पांडे यांचं बरंचसं काम याच चौकशीचं आहे. २०२२ चा समाजशास्त्रांसाठीचा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. नियम बदलला की रूढी हलते का, आणि हलत असेल तर कुठल्या वाटेने, हा त्यांचा प्रश्न. २००३ च्या त्यांच्या एका निबंधात त्यांनी दाखवलं की विधानसभेतल्या राखीव जागांमुळे अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या योजनांकडे आणि नोकऱ्यांकडे खरोखरच जास्त सरकारी साधनं वळली. या लेखापुरतं महत्त्वाचं आहे ते त्यांनी एरिका फील्ड, नताली रिगोल, सिमोन शानर आणि शॅरिटी ट्रॉयर मूर यांच्याबरोबर केलेलं काम, कारण ते आपल्या दाराशी झालं: ग्वाल्हेर, मुरैना, शिवपुरी आणि श्योपूर या चार जिल्ह्यांतल्या १९७ ग्रामपंचायतींत. निष्कर्ष २०२१ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त छापून आले. इथल्या मराठी मंडळींपैकी किती जणांना याची कल्पना आहे कोण जाणे. मुरैन्याची गजक मात्र सगळ्यांना ठाऊक.

आधी रोजगार हमीचं यंत्र समजून घेऊ, कारण सगळी गोष्ट त्याच्या एका पेचात अडकलेली आहे. २००५ च्या कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. लक्षात घ्या, हमी कुटुंबाला. जॉब कार्ड घरटी एक. कामावर आलेल्यांची नावं मस्टरमध्ये, मग उपयंत्री खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली मोजून मापपुस्तिकेत चढवणार, त्या मापावर मजुरी निघणार, आणि मस्टर बंद झाल्यापासून १५ दिवसांत पैसे खात्यात जमा व्हायला हवे असत. बाईला आणि पुरुषाला दर एकच. लाभार्थ्यांत किमान एक तृतीयांश बायका असाव्यात, असंही तो कायदा सांगत होता. कागदावर सगळं ठीक. पण पैसे कुणाच्या खात्यात? घराचं म्हणून जे एक खातं नोंदवलेलं असायचं, ते बहुतेक ठिकाणी नवऱ्याचं. म्हणजे बाईने माती उपसली, मस्टरवर तिचं नाव, मापपुस्तिकेत तिचा खड्डा आणि मजुरी नवऱ्याच्या खात्यात.

२०१३ च्या सुमारास रोजगार हमीची देयकं संगणकातून थेट बँकेत जाऊ लागली, तेव्हा हा पेच सोडवायची संधी आली. काम दोन टप्प्यांचं होतं. पहिला टप्पा म्हणजे बाईच्या नावाने खातं उघडायचं. दुसरा म्हणजे संगणकातल्या नोंदीत तिच्या नावासमोर नवऱ्याच्या खात्याऐवजी तिचा खातेक्रमांक घालायचा. पहिल्या टप्प्याचा गाजावाजा होतो, शिबिरं लागतात, फोटो निघतात. दुसरा टप्पा जनपद पंचायतीच्या, म्हणजे तालुका पातळीवरच्या पंचायतीच्या, कार्यालयात एका संगणकापुढे होतो आणि तो झाला नाही तरी कुणाला कळत नाही. खातं उघडलेलं आहे, पासबुक पेटीत आहे, आणि मजुरी पूर्वीच्याच वाटेने जाते आहे, अशी अवस्था सहज होते.

पांडे आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाची मांडणी या दोन टप्प्यांना वेगळं करण्यासाठीच होती. पंचायती चिठ्ठ्या टाकाव्यात तशा गटांत वाटल्या. काही पंचायतींत बायकांना फक्त खाती. काहींत खाती आणि ती वापरायचं थोडं प्रशिक्षण. काहींत खाती आणि मजुरी थेट त्या खात्यात. काहींत तिन्ही गोष्टी. आणि काही पंचायतींत यातलं काहीच नाही. मुख्य तुलना केली ती ‘फक्त खाती’ या गटाशी, आणि ही निवड फार शहाणपणाची आहे. काहीच न मिळालेल्या गावांशी तुलना केली असती तर बदल खात्यामुळे झाला की पैशाची वाट बदलल्यामुळे, हे कधीच सांगता आलं नसतं.

वाटणी बाईगणिक न करता पंचायतीगणिक का केली, याचीही कारणं आहेत. देयकाची व्यवस्था पंचायतीगणिक चालते, हे एक. एका गल्लीतल्या एका घरात पैसे बायकोकडे आणि शेजारच्या घरात नवऱ्याकडे अशी व्यवस्था केली तर आठवड्यात बोलबाला होऊन तुलना बिघडते, हे दुसरं. आणि रूढी ही गावाची असते. ती हलली का हे बघायचं तर गावच एकक धरावं लागतं. याची किंमत मोजावी लागते ती नमुन्यात. समजा दर पंचायतीतून २० बायकांची माहिती घेतली, तर १९७ पंचायतींत ३,९४० जणी होतात. पण एकाच गावातल्या बायका एकमेकींसारखी उत्तरं देतात. हे सारखेपण शून्य ते एकच्या मापावर ०.१ इतकं जरी धरलं, तरी एक अधिक (उरलेल्या एकोणीस जणी गुणिले ०.१), म्हणजे २.९ ने भागावं लागतं, आणि हातात उरते सुमारे १,३५९ सुट्या बायकांइतकीच माहिती. एकाच तालुक्यातल्या तीन गावांत हजार अर्ज भरून आणून ‘हजार महिलांची पाहणी’ म्हणून छापणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून बघावा.

निकाल काय लागला? थेट मजुरी आणि प्रशिक्षण दोन्ही मिळालेल्या बायका ‘फक्त खाती’ मिळालेल्या बायकांपेक्षा जास्त काम करू लागल्या. रोजगार हमीवर तर केलंच, खासगी कामही वाढलं. परिणाम जास्त उठून दिसला तो ज्या बायका आधी कामावर फारशा जात नव्हत्या आणि ज्यांच्या नवऱ्यांना बायकोने काम केलेलं पसंत नव्हतं, अशा घरांत.

खासगी कामाची ही वाढ हा या निबंधातला सगळ्यात हुशार भाग आहे. थेट जमा होत होती ती फक्त सरकारी मजुरी. दुसऱ्याच्या शेतात कापणीला गेलं तर पैसे रोख मिळतात, खात्याचा काही संबंध नाही. नुसतं ‘माझे पैसे माझ्या हातात येतात म्हणून मी जाते’ एवढंच असतं तर वाढ रोजगार हमीपुरती राहायला हवी होती. उलट सरकारी पैसे हातात आल्यावर खासगी काम थोडं कमी झालं असतं तरी नवल नव्हतं. तसं झालं नाही. मग कारण घराच्या आत शोधावं लागतं. पैसे तिच्या नावाने येऊ लागल्यावर घरातलं तिचं वजन वाढलं. आता, वजन वाढल्यावर माणूस स्वतःच्या मनाप्रमाणे वागतो. काम करणं तिलाच नको असतं, तर वजन वाढल्यावर तिने काम कमी केलं असतं. तिने वाढवलं. याचा अर्थ अडसर तिच्या मनात नव्हता. ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती मुख्यतः नवऱ्याची होती, कारण बायको मजुरीला गेली की ‘ह्याला बायको पोसवत नाही’ हा टोमणा त्याला बसतो. रूढीचा खर्च एकाच्या खात्यात पडतो आणि तिची वसुली दुसऱ्याकडून होते, हे आकड्यांतून इतकं स्वच्छ क्वचितच निघतं.

तीन वर्षांनी संशोधक पुन्हा गेले तेव्हा कामाबद्दलची बायकांची स्वतःची मतं सैल झालेली दिसली, आणि गाव काय म्हणतं याबद्दलचा अंदाजही सरकलेला होता. नवऱ्यांचं हृदयपरिवर्तन झालं, गाव बदललं, असा अर्थ मात्र यातून काढू नये. आणि हेही लक्षात ठेवायचं की नुसत्या खात्याने हे घडलेलं नाही. खातं, त्यात येणारी स्वतःची मजुरी आणि ते वापरण्याची माहिती, असा तिहेरी गोफ लागला. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली तेव्हापासून खात्यांच्या संख्येवर खूप बोललं गेलं. या प्रयोगाने दाखवलं की खात्यांची संख्या हा मोजायचा आकडाच नव्हे. कुणाची मजुरी कुठल्या क्रमांकावर जाते, हा आकडा मोजायला हवा.

आता रूढी मोजायची कशी, याकडे वळू, कारण बहुतेक पाहण्या इथेच घसरतात. ‘बायकांनी बाहेर काम करावं का?’ हा एकच प्रश्न विचारून आलेल्या होकारांना रूढी म्हणणं चूक आहे. ते झालं माणसाचं स्वतःचं मत. रूढीत आणखी दोन थर असतात: माझ्या भोवतीचे लोक प्रत्यक्षात काय करतात असं मला वाटतं, आणि मी काय करावं असं त्या लोकांना वाटतं असं मला वाटतं. दुसरा थर सवयीचा, तिसरा धाकाचा. तिन्ही वेगवेगळे विचारावे लागतात, आणि गंमत अशी की पहिला आणि तिसरा थर एकमेकांशी अजिबात न जुळणं फार सामान्य आहे.

याचं ठळक उदाहरण सौदी अरेबियातलं. लिओनार्डो बुर्स्टीन, आलेस्सांद्रा गोन्सालेस आणि डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट यांनी रियाधमध्ये १८ ते ३५ वयाच्या सुमारे ५०० विवाहित पुरुषांना विचारलं. बायकांना घराबाहेर काम करू द्यावं असं ८७ टक्क्यांचं म्हणणं होतं. पण ‘इथे जमलेल्यांपैकी किती जण असं म्हणतील?’ याचा सरासरी अंदाज होता ६३ टक्के. मग निम्म्यांना खरा आकडा सांगितला आणि सगळ्यांपुढे दोन पर्याय ठेवले: एक छोटं भेट कूपन घ्या किंवा बायकोचं नाव नोकरी शोधून देणाऱ्या सेवेत नोंदवा. खरा आकडा न कळलेल्यांत २३ टक्क्यांनी नाव नोंदवलं, कळलेल्यांत ३२ टक्क्यांनी. तीन ते पाच महिन्यांनी चौकशी केली तेव्हा बायकोने बाहेरच्या नोकरीसाठी अर्ज केल्याचं प्रमाण ६ वरून १६ टक्क्यांवर गेलेलं होतं. एका आकड्याची माहिती देण्यापलीकडे काहीही केलेलं नव्हतं. अर्थात हा उपाय लागू पडतो तो मनातून पटलेलं असून तोंडाने बोलायची सोय नसते तिथेच. जिथे बहुसंख्यांना खरोखरच पटलेलं नाही तिथे खरा आकडा जाहीर केला तर रूढी आणखी घट्ट बसेल. म्हणून आधी मोजा, मग फलक लावा.

हे मोजमाप लहान प्रमाणावर कुणालाही करता येतं. ग्वाल्हेरच्या एखाद्या मराठी मंडळाला आपल्याच समाजात बघायचं असेल की, समजा, ‘लग्नानंतर मुलीने आईवडिलांचा खर्च उचलावा का’ याबद्दल रूढी काय आहे, तर सभासदांची पूर्ण यादी घ्यावी आणि तिच्यातून चिठ्ठ्यांनी १०० घरं काढावीत. शंभर घरांत टक्केवारी दहा इकडे-तिकडे धरावी लागते. पन्नासच घेतली तर चौदा. हळदीकुंकवाच्या संध्याकाळी कागद वाटले तर ते सोपं, पण मग ज्या येत नाहीत किंवा ज्यांना बोलावलंच जात नाही त्या आपोआप गळतात, आणि या प्रश्नावर नेमकं त्यांचंच उत्तर वेगळं असण्याची शक्यता जास्त. प्रश्न आधी स्वतःच्या मताचा विचारायचा, मग अंदाजाचा: ‘या यादीतल्या दर दहा घरांपैकी किती घरं हो म्हणतील?’ क्रम उलटा केला तर लोक आपलं मत अंदाजाला जुळवून सांगतात. अंदाज गांभीर्याने लावला जावा म्हणून खऱ्या आकड्याच्या सर्वांत जवळ जाणाऱ्याला छोटं बक्षीस ठेवतात. एरिन क्रुप्का आणि रॉबर्टो वेबर यांची २०१३ मध्ये मांडलेली रीत तर आणखी नामी आहे: एखादं वागणं समाजाच्या लेखी योग्य की अयोग्य ते सांगा, आणि तुमचं उत्तर बहुसंख्यांच्या उत्तराशी जुळलं तरच पैसे. इथे स्वतःचं मत मिरवण्यात काही फायदा उरत नाही, त्यामुळे धाकाचा थर नेमका वर येतो.

मुलाखत कुठे आणि कुणासमोर होते यावर निम्मं यश अवलंबून. नवरा-बायकोच्या मुलाखती एकाच वेळी, वेगळ्या जागी, बाईची मुलाखत बाईने घ्यायची. एकापाठोपाठ एक घेतल्या तर मधल्या दहा मिनिटांत उत्तरं जुळवली जातात. ग्रामीण घरात सासूबाई ओसरीवरून उठत नाहीत, तेव्हा अनुभवी पाहणीकार दोघी मिळून जातात. एक सासूबाईंना जॉब कार्ड, रेशन कार्ड, जनावरं असल्या लांबलचक प्रश्नांत गुंतवते. ते जमलं नाही तर ‘मुलाखतीच्या वेळी कोण हजर होतं’ हा रकाना प्रामाणिकपणे भरायचा आणि नंतर ती उत्तरं वेगळी काढून तपासायची. हा रकाना कोरा असलेली पाहणी मी विश्वासार्ह मानत नाही.

तोंडदेखल्या उत्तरांचा प्रश्न उरतोच. दिवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन यांनी हरियाणातल्या ३१४ सरकारी शाळांत अभ्यास केला. त्यांतल्या १५० शाळांत ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने अडीच वर्षं ४५-४५ मिनिटांचे तास घेऊन मुला-मुलींशी समानतेबद्दल चर्चा केली. पण वर्गात जे शिकवलं तेच मुलं परीक्षेसारखं लिहून देत असतील तर? म्हणून आधीच एक जुनी प्रश्नमालिका भरून घेतली होती, ‘मी कधीच कुणावर चिडत नाही’ या छापाची. सगळ्याला हो म्हणणारा मुलगा स्वतःला चांगलं दाखवायच्या नादात आहे हे कळतं. अशा मुलांत कार्यक्रमाचा परिणाम फुगलेला दिसतो का, हे ताडून पाहिलं. मागास मतांपैकी सुमारे १६ टक्के मतं बदलली, असा त्यांचा हिशोब निघाला. घरकामासारख्या प्रत्यक्ष वागण्यात मुलग्यांमध्ये जास्त फरक पडला; मुलींच्या हातात वागणं बदलायची मोकळीक मुळात कमी.

आणखी एक खाच आहे ती ‘काम’ मोजण्याची, रूढीच्याही आधीची. ‘तुम्ही काम करता का?’ असं विचारलं की दोन म्हशी सांभाळणारी बाई म्हणते, ‘नाही, घरीच असते.’ राष्ट्रीय श्रमबल पाहणीत घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्यासाठी संकेतांक २१ आहे आणि तो श्रमबलात मोजला जातो. फक्त घरकाम असेल तर ९२. घरकामाबरोबर घरापुरतं सरपण, चारा, शिवणकाम असेल तर ९३. आणि हे दोन्ही श्रमबलाच्या बाहेर. म्हशींचं कोण बघतं, हा एक जादा प्रश्न पाहणीकाराने विचारला की नाही, यावर तीच बाई २१ मध्ये पडेल किंवा ९३ मध्ये. ग्रामीण भागातल्या १५ वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २४.६ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४७.६ टक्के. या उडीत बिनपगारी मदत आणि स्वतःचं छोटं काम यांचा वाटा मोठा आहे. स्वतःच्या नावाने मजुरी मिळणं ही वेगळी गोष्ट. तिच्यात दुप्पट वाढ झालेली नाही. जनपदातल्या त्या संगणकाचा मुद्दा इथेही लागू होतो.

रूढी आल्या कुठून, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांना फार आवडतो. आल्बेर्तो आलेसिना, पाओला जुलिआनो आणि नेथन नन यांनी २०१३ मध्ये मांडलं की जिथे पूर्वापार नांगराची शेती होती तिथे बायकांचा शेताबाहेरचाही सहभाग आजवर कमी राहिला, कारण नांगराला अंगबळ लागतं. एलिआना कारांसा यांनी भारतातल्या मातीवर हेच तपासलं: खोल नांगरट चालते त्या पोयट्याच्या जमिनीत बायकांना शेतकाम कमी मिळतं, आणि तिथे मुलींचं प्रमाणही कमी. वाचायला रोचक आहे, पण मातीचा नकाशा हाती घेऊन पंचायतीत काय करणार? नांगर गेला, ट्रॅक्टर आला, टोमणा राहिला. तो टोमणा आज कुठे बसतो हे शोधणं जास्त उपयोगाचं.

जातीच्या बाबतीत मात्र टोमण्याचं गणित वेगळं निघतं, आणि ते अस्वस्थ करणारं आहे. सुआना ओ यांनी ओडिशाच्या ग्रामीण भागात ६३० मजुरांना खरीखुरी कामं देऊ केली. मुख्य काम सगळ्यांना सारखंच, जोडीला एक जादा काम, ते एकांतात करायचं. जादा काम आपल्यापेक्षा ‘खालच्या’ मानल्या गेलेल्या जातीशी जोडलेलं असलं की होकार शंभरामागे ४७ ने घसरला. लोकांना कळेल की नाही, याने उत्तरात काही फरक पडला नाही. वेगळ्या जोडप्रयोगात ४३ टक्के मजुरांनी दुसऱ्या जातीचं मानलेलं काम दहा मिनिटं करायलाही नकार दिला, रोजच्या मजुरीच्या दहापट पैसे देऊ केले तरी. म्हणजे सौदीतल्या पुरुषांसारखा ‘खरा आकडा सांगा, गाठ सुटेल’ हा उपाय इथे चालायचा नाही. इथे रूढी शेजाऱ्याच्या नजरेत नाही, हाडीमाशी खिळलेली आहे. जातिव्यवस्था म्हणजे श्रमांची नुसती विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच मांडलं होतं, आणि तेही शेवटी अर्थशास्त्रज्ञच होते. त्या वाक्याचा इतका थेट पुरावा यायला ऐंशीहून अधिक वर्षं लागली.

दुसऱ्या बाजूने, समोरच्याच्या नजरेनेही कामगिरी घसरते. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना कागदावरच्या चक्रव्यूहांतून वाट काढायला लावली, प्रत्येक सुटलेल्या कोड्याला एक रुपया. जात उच्चारली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव, गाव आणि जात वाचून दाखवली तेव्हा दलित मुलांची कामगिरी सुमारे पाचवा हिस्सा खाली आली. शाळेत शिष्यवृत्तीसाठी ‘एससीवाले हात वर करा’ म्हणणाऱ्या शिक्षकांना या प्रयोगाची प्रत द्यायला हवी. अर्ज घरी देऊन बंद पाकिटात परत घेता येतात, त्याला काही खर्च नाही.

नियमाने नजर बदलते का? पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात पंचायतींची प्रधानपदं सोडतीने बायकांसाठी राखीव होत होती. रोहिणी पांडे, लोरी बीमन, एस्थर दुफ्लो आणि पेटिया टोपालोवा यांनी ४९५ गावांत पाहिलं की दोन फेऱ्या बाई प्रधान असलेल्या गावांत आईवडिलांच्या मुलासाठीच्या आणि मुलीसाठीच्या अपेक्षांमधली दरी कमी झाली, खुद्द मुला-मुलींच्या अपेक्षांमधली ३२ टक्क्यांनी. एका फेरीत हे दिसलं नव्हतं. याच भागातल्या आधीच्या अभ्यासात तेच भाषण पुरुषाच्या आणि बाईच्या आवाजात ऐकवून गुण मागितले होते. बाई पुढारी पाहिलेल्या गावांत ‘बाईला जमतं’ हे पुरुष मानू लागले, पण ‘आम्हाला पुढारी पुरुषच आवडतो’ ही आवड तशीच राहिली. आरक्षण एका निवडणुकीपुरतं ठेवून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांनी हा दोन फेऱ्यांचा हिशोब लक्षात घ्यावा.

आता आपल्या राज्यातली गोष्ट. २०२३ मध्ये मध्य प्रदेशात लाडली बहना योजना सुरू झाली, आधी दरमहा १,००० रुपये, मग त्याच वर्षी १,२५०, आणि तेही बाईच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यात. यातून रोजगार हमीच्या प्रयोगासारखाच परिणाम होईल असं मानायची घाई करू नये. तिथे पैसे होते तिच्या घामाचे. काम केलं तर मिळणार, नाही केलं तर नाही. इथे काम न करताही मिळतात. घरातलं वजन वाढू शकतं, पण बाहेर पडायचं कारण त्यातून आपोआप येत नाही. प्रशिक्षण तर या योजनेत नाहीच, आणि प्रयोगात तोच तिसरा धागा होता.

नेमकं बिघडतं ते बहुतेक वेळा आधार-जोडणीत. थेट लाभाचा पैसा खातेक्रमांकावर जात नाही, आधार क्रमांक शेवटी ज्या बँकेशी जोडला गेला तिकडे जातो. बाईचं जनधनचं खातं एका बँकेत, नंतर कुणाच्या सांगण्यावरून दुसरीकडे उघडलेलं खातं आधाराशी जोडलं गेलं, की पैसे तिकडे. पहिल्या खात्याचं पासबुक कितीदा भरून आणलं तरी त्यात काही दिसत नाही, आणि ‘पैसे आलेच नाहीत’ अशी तक्रार पंचायतीत जाते. सचिव यादी बघून सांगतो, ‘जमा झालेत.’ दोघेही खरं बोलत असतात. अशा वेळी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघायचं. बँकेचं नाव आणि जोडणी चालू आहे की बंद, दोन्ही तिथे दिसतं. नाव चुकीच्या बँकेचं असेल तर ज्या बँकेत पैसे हवेत त्या शाखेत आधार-जोडणीचा संमती अर्ज भरून द्यायचा. अडचण एवढीच की ते बघायला लागणारा ओटीपी आधारमध्ये नोंदलेल्या मोबाईलवर येतो, आणि तो मोबाईल पुष्कळदा नवऱ्याच्या खिशात असतो. म्हणून आधी आधार केंद्रावर जाऊन मोबाईल क्रमांक बदलून घ्यायचा. तिथे कागदपत्रं लागत नाहीत, पण बाईला स्वतः जावं लागतं, बोटांचे ठसे द्यायला.